कपाशीचा लाल्या: रंगाविषयी सगळे माहीत असणे म्हणजे रंग माहीत असणे का?

तापीकाठ (धागाकर्ता):

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. लोलक, वर्णपट, तरंगलांबी, डोळ्याची रचना हा भाग मी जितक्या आवडीने शिकवला तितक्या आवडीने दुसरे काहीच शिकवले नाही. आणि मला जन्मापासून लाल व हिरवा यांतला फरक दिसत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्यामुळे जो प्रश्न माझ्या मनात कायम राहिला, तो येथे सविस्तर मांडतो.

मी नववीत असताना दिवाळी उलटून गेल्यावर एके दिवशी सकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाशीवर लाल्या, म्हणजे पाने लाल पडण्याचा विकार, आला आहे का ते पाहून यायला मला शेताच्या वरच्या अंगाला पाठवले. मी पाच-सहा ओळी हिंडलो, पाने उलटी करून तुडतुडे पाहिले, आणि घरी येऊन सांगितले, "काही नाही आप्पा, सगळं हिरवंगार आहे." संध्याकाळी ते स्वतः जाऊन आले, ते दोन पाने मुठीत घेऊनच. ओट्यावर बसून त्यांनी ती पाने माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली आणि लाल कोणते म्हणून विचारले. एक पान कडेने वळलेले आणि करकरीत होते, दुसरे मऊ आणि सपाट. मी वळलेल्या पानावर बोट ठेवले, कारण ते आजारी दिसत होते. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही पानांचा मधला नखाएवढा तुकडा तोडला, हातात उलटसुलट केला आणि ते दोन तुकडे पुन्हा माझ्यासमोर धरले. या वेळी मला सांगता आले नाही. चौथी शिकलेल्या त्या माणसाने माझी जी परीक्षा घेतली, तिच्याइतकी नेमकी परीक्षा मी पुढे प्रयोगशाळेतही फार थोड्या वेळा पाहिली.

आज त्या दोन तुकड्यांविषयी मला काय माहीत नाही? हिरव्या पानातले हरितद्रव्य वर्णपटाच्या निळ्या आणि तांबड्या भागातला प्रकाश शोषते आणि मधला बराचसा परत पाठवते. मॅग्नेशियम कमी पडले, रात्री गार झाल्या, तुडतुड्यांनी रस शोषला किंवा बोंडे भरण्याच्या काळात पाण्याचा ताण बसला, की हरितद्रव्य घटते आणि पानात अँथोसायनिन हे लालसर रंगद्रव्य साठते, जे ५२० ते ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे नेमका तो मधलाच प्रकाश शोषते. माणसाच्या दृष्टिपटलातल्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात आणि त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला सर्वाधिक प्रतिसाद देतात. माझ्या डोळ्यांत यांपैकी मधला प्रकार नाही. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच येते, म्हणून हा दोष बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. लांब (५६०) आणि मध्यम (५३०) तरंगलांबीच्या शंकूंच्या प्रतिसादांची वजाबाकी करून मेंदू लाल-हिरव्याची बाजू ठरवतो. ती वजाबाकी माझ्यात होऊच शकत नाही, कारण वजा करायला दुसरी संख्याच नाही. हे सगळे मी फळ्यावर आकृती काढून शिकवले आहे, आणि ती आकृती काढताना लाल खडू कोणता हे समोरच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला विचारून घेतले आहे.

ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी १९८२ मध्ये एक कल्पना मांडली. मेरी नावाची एक शास्त्रज्ञ जन्मापासून काळ्या-पांढऱ्या खोलीत राहते आणि तेथेच रंगदृष्टीविषयीचे एकूण एक भौतिक ज्ञान मिळवते: प्रकाशाचे, डोळ्याचे, मेंदूचे. एक दिवस ती बाहेर येते आणि पहिल्यांदा लाल रंग पाहते. तेव्हा तिला काही नवे कळते की नाही? कळत असेल, तर आधीचे ज्ञान भौतिकदृष्ट्या पूर्ण असूनही अपुरे होते असे म्हणावे लागते. यासाठी कल्पनेतली बाईच हवी असेही नाही. नॉर्वेचे क्नुट नॉर्डबी जन्मतःच पूर्ण रंगहीन दृष्टीचे होते आणि रंगदृष्टीचेच संशोधक होते. माझी खोली त्यांच्या मानाने लहान आहे, तिला एकच भिंत आहे, पण त्या भिंतीशी मी आयुष्यभर उभा आहे.

काही जण म्हणतील की लाल म्हणजे ६५० नॅनोमीटर, संपले. मग मोबाइलवर पिवळी केळी दिसतात तेव्हा पडद्यातून पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ येतच नाही, फक्त लाल आणि हिरवे ठिपके शेजारी पेटतात, त्याचे काय करायचे? आणि राणी रंगाला तर स्वतःची एकही तरंगलांबी नाही. वर्णपटाची दोन टोके, तांबडे आणि जांभळे, एकत्र डोळ्यात शिरली की तो उमटतो, इंद्रधनुष्यात तो कधीच सापडत नाही. प्रकाशकिरणांना स्वतःचा रंग नसतो, रंगाची संवेदना जागवण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते, हे न्यूटनने १७०४ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे रंग शोधायचा तर पाहणाऱ्याकडे वळावे लागते, आणि तेथे वळल्यावर पेशी, प्रथिने आणि विद्युत्संदेश सापडतात.

माझे म्हणणे असे आहे. भौतिक ज्ञान मला रंगांमधले सगळे फरक आणि सगळी नाती देते. लाल नारिंगीच्या शेजारी आहे, हिरव्याच्या समोर आहे, लालसर हिरवा असा रंग असत नाही, हे मला पाहू शकणाऱ्या कित्येकांपेक्षा अधिक काटेकोरपणे माहीत आहे. मी कोठे चुकेन हेही ते आधी सांगते. पण आप्पांना त्या तुकड्यात जे दिसले ते कसे होते, हे त्या ज्ञानातून निघत नाही, आणि त्यात आणखी माहितीची भर घातल्याने ते निघेल असे मला वाटत नाही. त्याच वेळी, यावरून जगात भौतिकाखेरीज आणखी एखादे तत्त्व आहे असा निष्कर्ष काढण्याची घाईही मला मान्य नाही. आप्पांना अँथोसायनिन ठाऊक नव्हते आणि मला लाल ठाऊक नाही. पान एकच होते.

आपले मत जरूर लिहावे.

पांझरा:

सर, मी धुळ्यात डोळ्यांची डॉक्टर आहे आणि आपला लेख दोनदा वाचला. एक लहानशी भर घालते. आपल्यासारख्यांना लोक सरसकट रंगांध म्हणतात आणि त्यांना सगळे करडे दिसते असे समजतात, जे बरोबर नाही. आपल्याला निळा आणि पिवळा हे दोन्ही रंग उत्तम दिसतात. युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांत आठ जणांना कमीअधिक प्रमाणात असा दोष असतो आणि आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आहे.

आता माझा मुद्दा. रंगदोष तपासण्यासाठी १९१७ पासून वापरात असलेल्या इशिहारा तक्त्यांत काही पाने उलटी असतात. त्यांतले एक पान समोर धरले की मला नुसते विस्कटलेले रंगीत ठिपके दिसतात, आणि लाल-हिरव्याचा दोष असलेला मुलगा न अडखळता "पंचेचाळीस" वाचतो. लाल-हिरव्याची गर्दी त्याच्या डोळ्याला त्रास देत नाही, म्हणून निळ्या-पिवळ्याच्या बारीक फरकातला आकडा त्याला सापडतो. त्याचे कारण मला पेशीपर्यंत समजावून सांगता येते. तरीही ते पान त्याला कसे दिसते हे मला माहीत नाही, आणि दर वेळी तो आकडा त्याच्या तोंडून ऐकताना हे मला जाणवते. आपण स्वतःला खोलीतली मेरी म्हणता. त्या पानापुरती मी आतमध्ये आहे आणि तो मुलगा बाहेर.

पण ही भिंत सगळीकडून बंद आहे असेही नाही. एक डोळा नेहमीसारखा आणि दुसरा डोळा रंगदोषाचा, अशी माणसे फार विरळ असली तरी सापडली आहेत. अशा एका स्त्रीचा अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोषाच्या डोळ्याने तिला सगळा वर्णपट निळा आणि पिवळा अशा दोनच रंगांत दिसत असे, असे तिने दोन्ही डोळ्यांनी केलेल्या रंगांच्या जुळवणीवरून निघाले. म्हणजे आपल्या जगाचा अंदाज आम्हाला काही प्रमाणात तरी बांधता येतो.

तापीकाठ:

डॉक्टर, उलट्या पानाचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. आजवर लोकांनी मला शेकडो वेळा विचारले असेल की, "तुम्हाला लाल नेमका कसा दिसतो?" आणि मी निरुत्तर होत आलो. उत्तर न देता येणे ही माझी उणीव आहे असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो होतो. पण विचारणाऱ्यालाही स्वतःचा लाल कसा दिसतो हे मला सांगता येत नसे. तो म्हणे, "अरे, कुंकवासारखा." कुंकू मीही पाहिले आहे.

दोन वेगळ्या डोळ्यांच्या त्या स्त्रीबद्दल एवढेच म्हणतो की, ती तुलना करू शकली कारण दोन्ही अनुभव तिला स्वतःला होते. तुलना पाहण्यातून झाली, माहितीतून नव्हे.

सुकी:

मी सावद्याकडचा केळी उत्पादक आहे. तत्त्वज्ञान मला फारसे कळत नाही, परंतु रंगावर आमचे पोट आहे, म्हणून लिहितो. केळी पिकवण्याच्या खोलीत इथिलीन सोडल्यावर सालीचा रंग एक ते सात अशा तक्त्यावर ठरवतात: एक म्हणजे पूर्ण हिरवी, सहा म्हणजे पूर्ण पिवळी, सात म्हणजे ठिपके पडलेली. दिल्लीचा व्यापारी फोनवर रंग विचारतो आणि आम्ही "चार नंबर" म्हणतो. त्याला माल न पाहता रंग कळतो. परंतु तुमचा लेख वाचून वाटले की त्याला आकडा कळतो, रंग त्याच्या मनात आधीच असतो. ज्याने कधी केळे पाहिलेच नाही त्याला चार नंबर सांगून काय कळणार?

दुसरी एक गोष्ट. पिकलेले केळे अतिनील दिव्याखाली धरले तर ते निळे चमकते. हरितद्रव्याचे विघटन झाल्यावर सालीत जे पदार्थ उरतात त्यांच्यामुळे हे घडते, हे २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आयुष्य केळीत गेले, पण केळ्याला हाही रंग आहे हे मला साठीत कळले.

वाघूर:

मी भुसावळचा निवृत्त अभियंता. धागाकर्त्यांविषयी पूर्ण आदर ठेवून त्यांच्या निष्कर्षाला विरोध नोंदवतो, कारण येथे अनुभवाचा हृद्य प्रसंग युक्तिवादाच्या जागी उभा राहतो आहे असे मला वाटते.

पहिली गोष्ट, ज्या जॅक्सन यांचा आपण आधार घेतला त्यांनीच पुढे आपले मत बदलले आणि ते भौतिकवादाकडे वळले. दुसरी गोष्ट, "सगळे भौतिक ज्ञान" हे शब्द आपण फार सहज वापरता. अब्जावधी चेतापेशींच्या एकूण एक जोडण्या आणि त्यांच्या हालचाली ज्याला माहीत आहेत असा माणूस आजवर झालेला नाही. आपल्याला माहीत आहे ते त्यातले चिमूटभर आहे. चिमूटभर ज्ञानातून लाल निघत नाही, म्हणून संपूर्ण ज्ञानातूनही निघणार नाही, हे अनुमान ढिले आहे. तिसरी गोष्ट, एकोणिसाव्या शतकात चांगले चांगले शास्त्रज्ञ म्हणत की निर्जीव द्रव्यातून जीव कसा निघतो हे रसायनशास्त्र कधीच सांगू शकणार नाही, त्यासाठी वेगळी प्राणशक्ती मानली पाहिजे. ती प्राणशक्ती कोणी खोडून काढावी लागली नाही, पेशी समजत गेली तशी तिची गरज संपत गेली.

चौथे, रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन. स्वतःच्या रंगदोषाविषयी त्यांनी १७९४ मध्ये निबंध वाचला आणि आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असल्याने तो तांबडा प्रकाश गाळतो असे प्रतिपादन केले. मृत्यूनंतर डोळा उघडून पाहावा असे त्यांनी सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये पाहिले, तर द्रव स्वच्छ होता. त्या डोळ्यांचे जपून ठेवलेले अवशेष १९९५ मध्ये तपासले, तेव्हा जनुकावरून कळले की त्यांच्यात मधल्या प्रकारचे शंकू नव्हते. आयुष्यभर तो अनुभव घेणारा माणूस चुकला आणि दीडशे वर्षांनी परक्या लोकांनी नळीतल्या रसायनांवरून बरोबर सांगितले. अनुभवाला एवढा मान का द्यावा?

शेवटचे. तापीच्या डोहात पोहणाऱ्या पोराला उत्प्लावकता माहीत नसते, आणि उत्प्लावकतेचा प्राध्यापक बुडू शकतो. म्हणून पोहण्यात भौतिकाच्या पलीकडचे सत्य आहे असे कोणी म्हणत नाही. पोरात एक कौशल्य आहे, एवढेच. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी मेरीला हेच उत्तर दिले आहे: ती बाहेर आल्यावर तिला नवे सत्य कळत नाही, तिला लाल ओळखण्याचे, आठवण्याचे आणि कल्पिण्याचे कौशल्य येते.

तापीकाठ:

वाघूर भाऊ, इतका स्पष्ट विरोध लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मुद्दे जड आहेत, म्हणून सवडीने उत्तर देतो.

जॅक्सन यांनी मत बदलले हे खरे. पण युक्तिवाद मांडणाऱ्याने तो सोडला म्हणून युक्तिवाद पडत नाही आणि धरून ठेवला असता तर सिद्ध झाला नसता. ते बाजूला ठेवू.

डाल्टन यांच्याविषयी मी अनेकदा विचार केला आहे, कारण त्यांचा दोष आणि माझा दोष एकच आहे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक कारण सांगितले, निळ्या द्रवाचे, जे चुकले. दुसरे, तांबड्या लाखेची कांडी आणि लॉरेलच्या पानाची वरची बाजू आपल्याला एकसारखी दिसते असे सांगितले. ते चुकले नाही. १९९५ च्या तपासणीने कारण दुरुस्त केले आणि हे दुसरे विधान तसेच ठेवले, इतकेच नव्हे तर त्या विधानामुळेच त्या तपासणीला अर्थ आला. डाल्टन काही न बोलता गेले असते, तर त्या नळीत एक जनुक कमी भरले असते आणि ते कशाचे कारण आहे हे विचारायला कोणी बसले नसते. माणूस स्वतःच्या अनुभवाच्या कारणांविषयी सपशेल चुकू शकतो, हे मी पूर्ण मान्य करतो. पण कारणाविषयी चुकणे म्हणजे अनुभवाविषयी चुकणे नव्हे.

प्राणशक्तीचा दाखला मला अधिक अडचणीचा वाटतो आणि त्यावर माझी कित्येक रात्रींची झोप गेली आहे. तरी फरक आहे असे वाटते. सजीवात ज्याचे स्पष्टीकरण हवे होते ते वाढणे, श्वास घेणे, स्वतःसारखे दुसरे निर्माण करणे हे होते. ही सगळी कामे आहेत आणि बाहेरून दिसतात. काम कसे चालते हे दाखवले की विचारायचे काही उरत नाही. रंग ओळखणे, वेगळे करणे, नाव देणे हीदेखील कामेच आहेत आणि त्यांचे स्पष्टीकरण आज ना उद्या पूर्ण होईल याबद्दल मला शंका नाही. पण ती कामे चालू असताना आतून काहीतरी दिसत असते, आणि तेच मला हवे आहे. ते कामांच्या यादीत कोठे लिहायचे ते मला सापडत नाही. कदाचित शंभर वर्षांनी सापडेल. आज मी चिमूटभर ज्ञानावर बोलतो आहे हे आपले म्हणणे योग्यच आहे. परंतु त्या चिमटीत दर वर्षी जी भर पडते ती फरकांचीच असते, नात्यांचीच असते, आणि फरकांचा ढीग कितीही उंच झाला तरी तो फरकांचाच ढीग राहील असे मला का वाटते, ते सांगण्याचा मी प्रयत्न करतो आहे.

आता कौशल्य. हे मला कागदावर नव्हे, बांधावर तपासता आले. गेली काही वर्षे मी मोबाइलचा कॅमेरा पानावर धरतो आणि लाल, हिरवा व निळा यांचे आकडे वाचतो. पाच-सात पानांचे आकडे घेतले की लाल्या आला आहे की नाही हे मी गड्याआधी सांगतो, आणि सहसा चुकत नाही. ओळखण्याचे कौशल्य मला आले आहे. आप्पांनी ज्या कामासाठी मला पाठवले होते ते काम मी आज करू शकतो. लाल मात्र मला अजून दिसत नाही. आपण म्हणाल की लुइस यांना आकडे वाचणे अभिप्रेत नव्हते, नजरेने ओळखणे आणि मनात कल्पिणे अभिप्रेत होते. बरोबर आहे. पण कल्पिणे म्हणजे काय कल्पिणे? कसे दिसते ते माहीत असल्यामुळे माणूस ते कल्पू शकतो. कौशल्यामुळे ते माहीत होते असे म्हणणे म्हणजे बैलापुढे गाडी जुंपणे आहे. आणि डोहात पोहणाऱ्या पोराचे सगळे पोहणे काठावरच्या प्राध्यापकाला दिसते. त्यात त्याच्यापासून झाकलेले काही नाही.

बोरीकाठ:

मी अमळनेरला संस्कृत शिकवत असे. ज्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे आणि जेथे मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती यांनी केवळ 'अज्ञान' या एका संकल्पनेवर १९३३ मध्ये ग्रंथ लिहिला, त्या गावातून या धाग्याला दोन शब्द जोडावेसे वाटतात.

न्याय या भारतीय दर्शनात रूप म्हणजे रंग, आणि त्याची व्याख्याच अशी आहे की जो गुण केवळ डोळ्यानेच कळतो तो रूप. शुक्ल, नील, पीत असे करत अन्नंभट्टाने त्याचे सात प्रकार सांगितले. व्याख्येतच 'केवळ' हा शब्द घालून नैयायिकांनी बाकीच्या इंद्रियांचा दरवाजा लावून घेतला. परंतु हेच नैयायिक गवयाचे उदाहरण देतात. नगरात राहणाऱ्या माणसाला सांगितले की गवय गाईसारखा असतो, आणि पुढे अरण्यात तो प्राणी दिसताच त्याने ओळखले की हाच गवय. वर्णनाने ज्ञानाची अर्धी वाट चालून होते, कारण गाय त्याने पाहिलेली असते. धागाकर्त्यांच्या वाट्याला वर्णन आहे, पण गाय नाही, असे मला वाटते.

आणि संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने म्हटले आहे की ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत मोठा फरक आहे, तरी तो सांगणे सरस्वतीलाही शक्य नाही. फरक नाही असे तो म्हणत नाही, सांगता येत नाही असे म्हणतो. या दोहोंची गल्लत होऊ नये.

वाघूर:

सांगता येत नाही, हे तर मीही मान्य करतो. सांगता न येणे ही भाषेची मर्यादा झाली. तिच्यावरून स्पष्टीकरण अपुरे आहे असे कसे ठरते? भूकंपाचे पूर्ण स्पष्टीकरण वाचून घर हालत नाही, तसे रंगाचे पूर्ण स्पष्टीकरण वाचून रंग दिसू लागावा ही अपेक्षाच मुळात गैर आहे.

तापीकाठ:

भूकंपाचा दाखला उत्तम आहे आणि येथे मला एक पाऊल मागे घ्यावे लागते. स्पष्टीकरण वाचून मला लाल दिसू लागावा ही माझी अपेक्षा नाही. ती असेल असे माझ्या लेखावरून वाटत असेल, तर ती माझी मांडणी चुकली. माझी अपेक्षा याहून लहान आहे. भूकंपाचे स्पष्टीकरण वाचून घर हालत नाही, पण घर का हालले असेल आणि कसे हालले असेल हे पूर्ण कळते. तसे, लांब आणि मध्यम शंकूंची वजाबाकी धन आली की जे दिसते ते असेच का दिसते आणि दुसऱ्या कशासारखे का दिसत नाही, हे मला कळावे. ते कळत नाही. दिसणे आणि कळणे हे दोन प्रश्न आपण वेगळे काढून दिलेत, याबद्दल ऋणी आहे.

गिरणा:

मी चाळीसगावची. आमचे साड्यांचे दुकान आहे, त्यामुळे राणी रंगाला स्वतःची तरंगलांबी नाही हे वाचून मी काउंटरवरच थबकले. डाळिंबी, अंजिरी, किरमिजी, राणी हे आम्ही दिवसभर वेगळे करत असतो. माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याने शाळेत झाड काढले आणि पाने तपकिरी रंगवली, म्हणून सगळ्या वर्गासमोर त्याला बोलणे बसले. आता तो चित्रच काढत नाही. डॉक्टरांनी दोष सांगितला आहे. सर, मी त्याला काय सांगू? तुम्हाला लहानपणी कोणी काय सांगितले असते तर बरे वाटले असते?

तापीकाठ:

ताई, खडूच्या प्रत्येक कांडीवर नाव लिहून द्या, ही सोपी गोष्ट आजच करा. त्याला चारचौघांत "हा रंग कोणता?" असे विचारू नका आणि पाहुण्यांनाही विचारू देऊ नका, कारण ती त्याला परीक्षा वाटते आणि तिच्यात तो दर वेळी नापास होतो. वर्गशिक्षकांना भेटून दोषाचा कागद दाखवा.

पण तुम्ही मला काय बरे वाटले असते ते विचारलेत. त्याला हे सांगा की त्याला पाने चुकीची दिसत नाहीत. त्याला त्याच्या डोळ्यांनी दिसायला हवीत तशीच दिसतात, फक्त इतरांना पानात आणि तपकिरीत एक फरक दिसतो जो त्याला दिसत नाही. आणि डॉक्टर म्हणतात ते तक्त्यातले पान त्याला दाखवायला सांगा, ज्यातला आकडा त्याला वाचता येईल आणि तुम्हाला येणार नाही. मला ते पान चाळिशीत पाहायला मिळाले. पाठीमागे उभ्या असलेल्या बायकोला मी विचारले, "तुला दिसत नाही का?" आणि ती नाही म्हणाली, तेव्हा मला जे वाटले ते तुमच्या मुलाला नवव्या वर्षी वाटावे.

आप्पांनी मला त्या संध्याकाळी काही सांगितले नाही. कपाशी पाहायला मात्र पुन्हा कधी पाठवले नाही, आणि त्यातले प्रेम मला कळायला फार वर्षे लागली.

पांझरा:

गिरणाताई, मुलाला घेऊन धुळ्याला आलात तर ते पान मी जरूर दाखवीन.

सर, एक विचारू? २००९ मध्ये अमेरिकेत प्रौढ नर स्क्विरल माकडांच्या दृष्टिपटलात गहाळ असलेल्या रंगद्रव्याचे जनुक सोडण्यात आले. जन्मापासून लाल-हिरवा वेगळा न करू शकणारी ती माकडे काही महिन्यांत रंगाच्या चाचण्या पार करू लागली. माणसांसाठी हा उपचार अजून उपलब्ध नाही. पण उद्या झाला, तर आपण घ्याल का? आणि त्यातून या वादाचा निकाल लागेल का?

तापीकाठ:

घेईन, एक क्षणही थांबणार नाही.

निकालाविषयी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट राहणार नाही. त्या माकडांना लाल कसा दिसला हे आपल्याला कळले नाही, त्यांनी बरोबर ठिपक्याला स्पर्श केला एवढेच कळले. माझे तसे होणार नाही, मला लिहिता-बोलता येते. उपचाराच्या आधी मी लाल रंगाविषयी मला माहीत असलेले सगळे एका वहीत उतरवीन, मेंदूशास्त्राने तोवर जे शोधले असेल तेही त्यात घालीन, आणि वही वाघूर भाऊंच्या स्वाधीन करीन. मग डोळा तयार झाल्यावर पानाचे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवावेत. पाहिल्याबरोबर माझ्या तोंडून "हो, हे असेच असणार हे वहीत होते" असे निघाले, तर माझे म्हणणे चुकले, आणि ते मी याच धाग्यावर येऊन लिहीन. वहीत नसलेले काही समोर आले, तर वाघूर भाऊंनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचावी आणि ते कोणत्या ओळीत असायला हवे होते ते मला दाखवावे.

तुकडे नखाएवढेच असावेत, मधले, कडेचा भाग काढून टाकलेले. पाने ताजी लागतील, म्हणून हे दिवाळीनंतर करावे लागेल.